दोन लॅपटॉप, एक लय : लाइव्ह सेटमध्ये सम जुळत नाही

काळी_दोन

दोघांचा लाइव्ह सेट बसवतो आहोत. साधारण ५० मिनिटांचा, टेम्पो ११८ ते १२६ बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा) दरम्यान. एका बाजूला विंडोज ११ चा लॅपटॉप, त्यावर एबलटन लाइव्ह १२ हे संगीताचं सॉफ्टवेअर. किक (ड्रमचा खालचा धप्प आवाज), बेस आणि बाकीचे ड्रम्स तिथून. दुसऱ्या बाजूला मॅकबुक, त्यावरही लाइव्ह १२. तबल्याचे लूप, पॅड, आवाजाचे तुकडे आणि काही ठिकाणी त्याचीही किक. दोघांचे ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेट्या) वेगळे, दोन्हींचं स्टिरिओ आउट एकाच मिक्सरमध्ये जातं.

आधी दोन्हीकडे १२० टाकून एकदम प्ले दाबून पाहिलं. दोन-तीन मिनिटं ठीक चालतं, मग ठेका फाटतो. म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवर एबलटन लिंक, म्हणजे नेटवर्कवरून लय जुळवायची सोय, सुरू केलं. आता अडचणी अशा:

रिकाम्या हॉलमध्ये जुळतं, पण माणसं आली की लिंकशेजारचा आकडा (जोडलेले इतर लॅपटॉप किती तो) जातो-येतो. आकडा असतानाही दोन्ही किक एकत्र वाजल्या की आवाज भरायच्या ऐवजी पोकळ होतो. रूपक तालातला (सात मात्रा) एक भाग आहे, तिथे मात्रा बरोबर पडतात पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जुळत नाही. शिवाय एक व्होल्का (कोर्गचं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि एक ड्रम मशीन याच लयीवर आणायचं आहे.

दोन लॅपटॉपमध्ये सरळ यूएसबी केबल टाकून हे होतं का? नाहीतर कुठली केबल, कुठली सेटिंग्ज, कुठल्या क्रमाने?

चारचौक

साध्या यूएसबी केबलने होणार नाही. यूएसबीत एक बाजू यजमान आणि दुसरी पाहुणी असावी लागते, आणि लॅपटॉप दोन्ही यजमान. तुम्हाला हवी ती साधी नेटवर्कची केबल, कॅट ५ई किंवा कॅट ६, ३ ते ५ मीटर. ज्या लॅपटॉपला इथरनेटचा सॉकेट नाही त्याला यूएसबी-सी ते गिगाबिट इथरनेट अडॅप्टर. पूर्वी अशा जोडणीला उलटसुलट तारांची क्रॉसओव्हर केबल लागायची. गिगाबिट पोर्ट आपापसांत ते ठरवून घेतात, त्यामुळे दुकानात मिळते ती सरळ केबल चालते.

ठेका का फाटतो ते आधी, कारण बाकीचं सगळं त्यावरून कळतं. प्रत्येक इंटरफेसमध्ये स्वतःचा क्रिस्टल असतो आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) म्हणजे किती हे तो आपल्या घड्याळावर ठरवतो. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० इतका फरक धरला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद होतात. दहा मिनिटांत ३०, तासाभरात १८०. १२० बीपीएमला सोळावा भाग (पाव मात्रा) १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे तासाभरात एक घर ओलांडून पुढे. तुमचं दोन-तीन मिनिटांतच फाटतं, कारण हाताने प्ले दाबताना सुरुवातीलाच १०-२० मिलिसेकंद गेलेले असतात आणि वरचा फरक त्यात भर घालतो. बीपीएमचा आकडा सारखा असणं आणि लय एक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिंक २०१६ साली आलं. त्यात मास्टर कोणी नसतो. दोन्ही लॅपटॉप आधी एकमेकांना शोधतात (यूडीपी मल्टिकास्ट, पोर्ट २०८०८), मग छोटी पॅकेट परत-परत पाठवून एकमेकांच्या घड्याळातला फरक मोजतात आणि एक सामाईक काळरेषा धरतात. या मोजणीत एक गृहीतक आहे : पॅकेटला जायला जितका वेळ तितकाच यायला. वायफायवर तसं होत नाही. त्यातून फोन वीज वाचवायला रेडिओ झोपवतो, आणि हॉल भरला की शे-दोनशे फोन २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतात. मल्टिकास्ट पॅकेटची वायफायवर पोच घेतली जात नाही, हरवलं ते हरवलं. तुमचा आकडा जातो-येतो तो यामुळे. हॉलच्या वायफायवर तर हे करूच नका. तिथे बहुधा पाहुण्यांना एकमेकांचे लॅपटॉप दिसू नयेत अशी सोय केलेली असते. इंटरनेट उत्तम चालेल पण लिंकला शेजारी दिसणार नाही.

तर केबल लावा आणि दोन्ही लॅपटॉपवर वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. नुसतं नेटवर्क तोडू नका, रेडिओच बंद. मॅकवर एअरड्रॉपसाठी वायफाय मधूनमधून चॅनेल बदलत असतं. विंडोजवर वायफायचा ड्रायव्हर कधी कधी ऑडिओला खीळ घालतो आणि ते कडकड म्हणून ऐकू येतं.

आता पत्ते. काही न करता दोन्ही लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात आणि लिंक त्यावर चालतं, पण त्याला मिनिटभर लागू शकतं आणि स्टेजवर तेवढा धीर नसतो. हाताने द्या : एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस रिकामे. मग विंडोजकडून मॅकला पिंग करा. उलट दिशेने केलंत तर उत्तर नाही आलं म्हणून घाबरू नका. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेलं पिंग मुळातच अडवते.

माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती पुढच्या टप्प्यावर. केबलला गेटवे नसल्यामुळे विंडोज या जोडणीला 'अनोळखी नेटवर्क' म्हणतं आणि ते सार्वजनिक समजतं. घरच्या वायफायवर लाइव्हला परवानगी देताना तुम्ही फक्त 'प्रायव्हेट'वर खूण केलेली असते, म्हणून घरी चालतं आणि केबलवर नाही. विंडोज सिक्युरिटीत फायरवॉल, तिथे 'अलाउ ॲन ॲप थ्रू फायरवॉल', लाइव्हच्या ओळीत प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्ही चौकटींवर खूण करा. लाइव्हची आवृत्ती बदलली की ही ओळ पुन्हा तपासायची. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल निराळी. व्हीपीएन बंद. व्हर्च्युअल मशीनसाठी बनलेले खोटे नेटवर्क अडॅप्टर असतील तर तेही कार्यक्रमापुरते बंद करा.

मॅकवर मॅकओएस १५ पासून नवी अट आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात लोकल नेटवर्क, तिथे लाइव्ह चालू हवं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलं गेलं असेल तर लिंक गप्प राहतं, काही चूक दाखवत नाही.

लाइव्हमध्ये सेटिंग्ज उघडून 'लिंक, टेम्पो अँड मिडी' पानावर 'शो लिंक टॉगल' आणि 'स्टार्ट स्टॉप सिंक' दोन्ही चालू करा, दोन्ही लॅपटॉपवर. वरच्या पट्टीत लिंक दाबलं की शेजारी १ दिसायला हवा. आधी कोणी लिंक चालू करायचं ते ठरवा, कारण मागून येणारा आधीच्याचा टेम्पो उचलतो. टेम्पो कोणीही बदलू शकतो आणि शेवटी बदलणाऱ्याचा लागू होतो, म्हणून एकाच्याच हातात तो ठेवा. दुसऱ्याच्या कंट्रोलरवर टेम्पोला नॉब जोडलेला असेल तर काढून टाका. सीनना (एकदम सुरू होणाऱ्या क्लिपांच्या ओळींना) दिलेले टेम्पोही बघून घ्या. जुन्या सेटमधून उचललेल्या सीनवर १२४ राहिला असेल तर तो सीन लावताच दोघांचाही टेम्पो १२४ होतो, आणि हे का झालं ते स्टेजवर शोधता येत नाही.

दोन्हीकडे लाँच क्वांटायझेशन (क्लिप कुठल्या मोजावर सुरू व्हायची ते) सारखं ठेवा. निदान १ बार (४/४ मध्ये चार मात्रा). एकाकडे 'नन' (काहीच नाही) असेल तर तो बोट पडेल तिथून सुरू होतो. चार-चार बारांची वळणं असलेल्या गाण्यात १ बारने बारची सुरुवात जुळते पण वळण जुळत नाही. त्याचा चौथा बार तुमच्या पहिल्यावर येऊ शकतो. तिथे ४ बार ठेवा.

आणि लांब क्लिपचं वॉर्प (क्लिप टेम्पोप्रमाणे ताणायची सोय) तपासा. वॉर्प बंद असलेली क्लिप लिंकचं ऐकत नाही, ती आपल्या इंटरफेसच्या क्रिस्टलवर चालते. आवाजाचे छोटे तुकडे तसे ठेवले तर चालतं. पाच मिनिटांचा तबल्याचा ट्रॅक तसा ठेवला तर नाही.

खर्ज

वरच्या प्रतिसादाने जोडणी पक्की होईल, पण पोकळ किक त्याने जाणार नाही. तो आवाजाच्या तरंगांचा प्रश्न आहे.

एकसारख्या दोन किक थोड्या अंतराने वाजल्या की काही कंप्रतांवर एक वर जाते तेव्हा दुसरी खाली असते. पहिली अशी कंप्रता काढायला एक भागिले दुप्पट अंतर. अंतर १० मिलिसेकंद असेल तर ५० हर्ट्झ, मग १५०, २५०. अंतर ५ असेल तर १०० हर्ट्झ. किकचं पोट असतंच ५० ते १०० च्या आसपास, म्हणजे नेमकं तेच खाल्लं जातं. वर टिकटिक राहते, खालचा धक्का जातो. म्हणून माझं ठाम मत : किक आणि सब-बेस एकाच लॅपटॉपवर. दुसऱ्याला किक वाजवायचीच असेल तर पहिल्याने तेवढ्या वेळ आपली बंद करायची, किंवा दुसऱ्याच्या किकला १५० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावायचा. लिंक कितीही नीट बसवलं तरी १ मिलिसेकंदाच्या आतली जुळणी तासभर टिकेल यावर दोन किक सोडू नका.

बाकीच्या वाद्यांसाठी मात्र अंतर मोजून घालवता येतं. दोन्ही लॅपटॉपवर दर मात्रेला एक रिमशॉट (ड्रमच्या कडेचा टोकदार आवाज) लावा, दोन्हीकडे तीच फाइल. दोघांचा सेट प्रत्यक्ष कार्यक्रमात असेल तसाच उघडा, मास्टरवरची प्लगइनं चालू ठेवून. लॅपटॉप एकच्या इंटरफेसच्या इनपुट १ मध्ये त्याचंच आउट आणा, इनपुट २ मध्ये दुसऱ्याचं. दोन्ही एकाच स्टिरिओ ट्रॅकवर १० मिनिटं रेकॉर्ड करा. दोन्ही एकाच इंटरफेसमधून आत येतात, त्यामुळे आत येण्याचा विलंब दोघांना सारखाच लागतो आणि उरतो तो खरा फरक. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. डाव्या-उजव्या टोकांमधलं अंतर पहिल्या मिनिटाला, पाचव्याला आणि दहाव्याला मोजा.

अंतर तिन्ही ठिकाणी सारखं, समजा ३३६ सॅम्पल म्हणजे ७ मिलिसेकंद, तर लिंक व्यवस्थित आहे आणि कुठल्या तरी ड्रायव्हरने आपला विलंब चुकीचा सांगितलेला आहे. वाढत जात असेल तर लिंक जोडलेलंच नाही किंवा क्लिपचं वॉर्प बंद आहे. कधी २, कधी ९, कधी ४ असं उड्या मारत असेल तर नेटवर्क खराब, अजून कुठेतरी वायफाय चालू आहे.

सारख्या अंतराला औषध आहे. लाइव्हच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये 'ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन' आहे, मिलिसेकंदात. मागे पडणाऱ्या लॅपटॉपवर तिथे आकडा घाला आणि पुन्हा दोन मिनिटं रेकॉर्ड करा. अंतर वाढलं तर चिन्ह उलटं करा. १ मिलिसेकंदाच्या आत आलं की थांबा. हा आकडा त्या इंटरफेसचा, त्या बफरचा (आवाज तात्पुरता साठवायची जागा) आणि त्या सॅम्पल रेटचा असतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७. ऐन वेळी लॅपटॉप कण्हायला लागला म्हणून बफर वाढवलात तर पुन्हा मोजावं लागेल. तेव्हा तालमीतच सगळ्यात जड गाण्यावर बफर ठरवा, मी २५६ ने सुरू करायला सांगेन, आणि मग हात लावू नका. मास्टरवर लुक-अहेड लिमिटर किंवा लिनियर-फेज ईक्यू असेल तर लाइव्ह सेटमधून काढाच. विलंब वाढवणारी ती स्टुडिओतली सामग्री आहे.

मिक्सर डिजिटल असेल आणि त्यात चॅनेलला डिले देता येत असेल तर त्याहून सोपं. पुढे पडणाऱ्याच्या चॅनेलवर तेवढे मिलिसेकंद घाला, लॅपटॉपला हात लावायला नको. आणि दोन यूएसबी पोर्ट असलेला डीजे मिक्सर मिळाला, उदाहरणार्थ झोन ९६, तर दोन्ही लॅपटॉप त्याचाच ऑडिओ वापरतात. एकच क्रिस्टल, एकच कन्व्हर्टर. मोजायचं काम बरंच हलकं होतं, तरी एकदा मोजाच.

एक सांगायचं राहिलं. जुळलं की नाही हे मॉनिटरवरून ठरवू नका. आवाज मीटरभर जायला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो. दोघे ४ मीटर लांब उभे असाल आणि प्रत्येकाचा मॉनिटर त्याच्याच पायाशी असेल तर दुसरा १२ मिलिसेकंद मागे आहे असंच वाटणार. मिक्सरच्या हेडफोनवर ऐका, वायरच्या. ब्लूटूथ हेडफोन स्टेजवर आणूच नका.

काळी_दोन

मोजलं. ४८ किलोहर्ट्झ, दोन्हीकडे बफर २५६, केबलवर : तिन्ही ठिकाणी ४३२ सॅम्पल, मॅक मागे. म्हणजे ९ मिलिसेकंद, आणि दुप्पट करून भागलं तर साधारण ५६ हर्ट्झ. आमची किक नेमकी तिथेच आहे. मॅकवरची किक काढून टाकली.

फायरवॉलमध्ये पब्लिकवर खूण नव्हतीच.

आता रूपक. दोन्हीकडे टाइम सिग्नेचर ७/४, लाँच क्वांटायझेशन १ बार. तरी तबला तीन मात्रा सरकलेला वाटतो. दर वेळी तीनच.

तिहाई

दर वेळी तीनच मात्रा सरकत असेल तर लिंकचा काही दोष नाही, लूप चुकीच्या जागी कापलाय.

रूपकाचा ठेका बघा : तिं तिं ना, धि ना, धि ना. तीन, दोन, दोन. या तालात समेवरच खाली (टाळी न देता हात हलवायची जागा) आहे, आणि म्हणून समेला डग्याचा भरीव आवाज नाही. पहिला भरीव आवाज येतो चौथ्या मात्रेच्या 'धि'ला. पडद्यावरची आवाजाची लहर बघून कापणारा माणूस सगळ्यात मोठा उंचवटा शोधतो आणि तिथून लूप सुरू करतो. तो उंचवटा चौथी मात्रा असतो. क्लिप उघडा, कानाने पहिला 'तिं' शोधा, त्याच्या टोकावर वॉर्प मार्कर ठेवून उजव्या बटणाने 'सेट १.१.१ हिअर' करा. लूपची सुरुवातही तिथेच आणा. मग लांबी बरोबर ७ मात्रा किंवा १४, २१ आहे का ते पाहा.

आणि तुमची किक आता चौथ्या मात्रेवर नेऊन बघा, पहिल्यावर नको. समेवर किक मारली की रूपकाचा चेहराच जातो. चौथी आणि सहावी, जिथे टाळी आहे तिथे मारलीत तर इलेक्ट्रॉनिक ड्रम्सही रूपक बोलायला लागतात.

आता तालांचं आणि लिंकचं गणित, कारण पुढे लागेल. लिंक टेम्पो पोचवतं, बारमधली जागा पोचवतं आणि स्टार्ट-स्टॉप. टाइम सिग्नेचर पोचवत नाही. एकाकडे ४/४ आणि दुसऱ्याकडे ७/४ असेल तर मात्रा अगदी बरोबर पडतील पण सम २८ मात्रांनी एकदाच भेटेल. मुद्दाम तसं करायचं असेल तर सुंदर वाटतं. नकळत झालं तर ती चूक.

लाइव्हमध्ये लाँच क्वांटायझेशनच्या यादीत १, २, ४, ८ बार आहेत, ३ नाही. त्यामुळे तीनताल १६ मात्रांचा, ४/४ आणि ४ बार. झपताल १० चा, ५/४ आणि २ बार. दादरा ६/४ आणि १ बार. केहरवा ४/४, २ बार. एकतालाला १२ मात्रा म्हणजे ४/४ चे ३ बार होतात आणि तो पर्याय नाही, म्हणून सरळ १२/४ घ्या आणि १ बार ठेवा. एक मात्रा म्हणजे एक क्वार्टर नोट असं धरून हे सांगतोय. द्रुत लयीत मात्रेला आठवा भाग धरला असेल तर सगळं निम्मं.

४/४ मधून ७/४ मध्ये चालू गतीत उडी मारू नका. दोन लॅपटॉपवर दोन बोटं एकाच बारात पडायला हवीत आणि एकदा जरी चुकलं तरी उरलेलं गाणं चुकीच्या समेवर जातं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर ठेवा. गाणं संपताना तानपुरा वर, एकाने स्टॉप दाबायचा, स्टार्ट स्टॉप सिंकमुळे दोन्ही थांबतात. दोघांनी ७/४ केलंय हे नजरेने विचारून घ्यायचं आणि एकानेच प्ले. दहा सेकंदांचा तानपुरा कोणालाच खटकत नाही, उलट रूपक सुरू व्हायच्या आधी कान षड्जावर येतो.

फेडर_खाली

व्होल्का आणि ड्रम मशीनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दोन्ही यंत्रं एकाच लॅपटॉपला जोडा, आणि तो किकवाला असू द्या. त्या लॅपटॉपवर लिंक चालू असतानाही मिडी क्लॉक (यंत्रांना लय सांगणारे ठोके) बाहेर पाठवता येतो. उलट, लिंक चालू ठेवून बाहेरचा क्लॉक लाइव्हमध्ये घेता येत नाही. म्हणजे ड्रम मशीनला मास्टर करून बाकीचं लिंकवर, हा रस्ता बंद आहे. आधीच ठरवा म्हणजे तालमीत वेळ जाणार नाही.

मिडी क्लॉक दर क्वार्टर नोटला २४ ठोके देतो, १२० ला दर २०.८ मिलिसेकंदाला एक. मिडी १९८३ पासूनचा, वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एक बाइट जायला ०.३२ मिलिसेकंद. क्लॉकचा ठोका एका बाइटचा, पण त्याच पोर्टवरून तुम्ही नोट्स आणि नॉबची माहितीही सोडत असाल तर तो मध्ये अडकतो, आणि ड्रम मशीनच्या पडद्यावर ११९.६, १२०.३ असे आकडे हलताना दिसतात. क्लॉकसाठी वेगळा पोर्ट ठेवा. लाइव्हच्या आउटपुट पोर्टच्या ओळीत फक्त 'सिंक' चालू, 'ट्रॅक' आणि 'रिमोट' बंद. ड्रम मशीन मागे पडत असेल तर त्याच ओळीखाली 'मिडी क्लॉक सिंक डिले' आहे, तो ऋण करा. किती, ते खर्ज यांच्या रिमशॉटच्या पद्धतीने मोजून. बिननावाच्या स्वस्त यूएसबी-मिडी केबली या कामाला घेऊ नका. नोट्स जातात, पण क्लॉक लंगडतो.

व्होल्काला मिडीपेक्षा चांगला रस्ता आहे. त्याच्या सिंक-इन जॅकला दर क्वार्टर नोटला दोन ठोके पुरतात. इंटरफेसचं एक मोकळं आउटपुट घ्या, समजा ३ नंबरचं. त्यावर एक ऑडिओ ट्रॅक पाठवा, ज्यात दर आठव्या भागाला १०-१५ मिलिसेकंदांचा एक चौकोनी ठोका आहे. पातळी जवळपास पूर्ण. तिथून मोनो ३.५ मिमी केबल थेट व्होल्कात. ठोका ऑडिओतूनच जातो, म्हणून बाकीच्या आवाजाशी सॅम्पलच्या हिशेबाने जुळलेला असतो. व्होल्का मधले ठोके चुकवत असेल तर पातळी कमी आहे. दुप्पट धावत असेल तर ठोक्याची शेपटी मोठी आहे, एकच ठोका दोनदा मोजला जातोय. आणि हे आउटपुट कुठल्याही परिस्थितीत मेन मिक्समध्ये जाणार नाही हे दोनदा पाहा.

आता विजेचं, कारण दोन चार्जर आणि एक मिक्सर म्हणजे गुणगुण ठरलेली. दोन्ही लॅपटॉप, दोन्ही इंटरफेस आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. इंटरफेसपासून मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल. तरीही ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर एकेक चार्जर काढून पाहा. ज्याचा काढल्यावर थांबते त्याच्या आउटला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावा. अर्थिंगची पिन मोडून किंवा टेप लावून गुणगुण घालवणारे साउंडवाले भेटतात. त्यांना तिथेच थांबवा, शॉक बसतो. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तगतात, पण भिंतीच्या विजेवरचा राउटर बंद पडतो आणि परत उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. म्हणून दोनच लॅपटॉप असतील तर राउटर नकोच, चारचौक यांची सरळ केबल. यूएसबीवरून वीज घेणारे इंटरफेसही त्या क्षणी चालू राहतात. भिंतीतल्या अडॅप्टरवर चालणारे राहत नाहीत. इथरनेट अडॅप्टर आणि ऑडिओ इंटरफेस एकाच हबवर मात्र लावू नका.

काळी_दोन

शेवटचं विचारतो. एवढं करूनही चालू गाण्यात केबल निघाली, पाय अडकला वगैरे, तर?

चारचौक

दोन्ही लॅपटॉप वाजत राहतील, आपापल्या क्रिस्टलवर, त्याच टेम्पोवर. तुमच्या दोन इंटरफेसमध्ये मिनिटाला ३ मिलिसेकंदांचा फरक धरला तरी ४ मिनिटांचं गाणं संपेपर्यंत १२ मिलिसेकंद होतात. किक एकाचकडे आहे, त्यामुळे तबला आणि पॅडमध्ये तो कोणाला कळणारही नाही.

केबल लगेच परत लावू नका. सगळ्यात मोठी चूक तिथे होते. परत जोडणी झाली की एक लॅपटॉप दुसऱ्याच्या जागी येतो, आणि चालू आवाजात त्याचा झटका बसू शकतो. मॅकवाल्याने आपल्याकडे लिंक बंद करायचं आणि मग केबल लावायची. फरक कानाला जाणवलाच तर त्याने टेम्पोशेजारची नजची दोन बटणं हलकेच वापरून जुळवून घ्यायचं, डीजे रेकॉर्ड ढकलतो तसं. लिंक चालू असताना नज दाबू नका, त्याने सगळ्यांचा टेम्पो हलू शकतो. गाणं संपलं, तानपुरा वर आला, दोन्ही थांबले की मगच लिंक पुन्हा चालू करा, १ दिसला की पुढचं गाणं.

आणि केबल टेबलाच्या पायाला गॅफर टेपने दोन ठिकाणी बांधा, सॉकेटच्या आधी हातभर सैल सोडून. पाय अडकला तर टेप ओढली जाईल, सॉकेट नाही. इथरनेटच्या पिनचा तो छोटा प्लास्टिकचा खटका तुटलेला असेल तर ती केबल घरी ठेवा. बॅगेत दुसरी केबल आणि दुसरा यूएसबी-सी अडॅप्टर हवाच. दुसरा अडॅप्टर घरीच एकदा लावून त्यालाही तोच पत्ता देऊन ठेवा, कारण नवा अडॅप्टर म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने नवं नेटवर्क, आणि पत्ते पुन्हा पहिल्यापासून.